एका हातचं मीठ

निरोप फक्त रजईचा होता.

'माझी जाड रजई उन्हात टाकून ठेवा. गुरुवारी भाचा जीप घेऊन तिकडं येणार आहे, त्याच्याबरोबर येईन. तुमच्यात चार घास जेवीन आणि दिवे लागले की निघेन.' पोस्टमननं सायकलवरून एक पाय खाली टेकवून तो जसाच्या तसा सांगितला आणि जाता जाता स्वतःच्या पदरचं एक वाक्य घातलं, "थंडी माहेरीच काढायचा बेत दिसतोय त्यांचा."

त्यानं सांगायची गरज नव्हती. तीन महिन्यांपूर्वी आई एका पिशवीनिशी गेली तेव्हा 'आठ दिवसांत येते' म्हणाली होती. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला, मळ्यातले भोपळे वेलावरून उतरून माळ्यावर गेले, आणि आई आली नाही. का गेली ते तिनं सांगितलं नाही, का येत नाही ते कुणी विचारलं नाही. आणि आता ती रजई मागत होती. आठ दिवसांसाठी गेलेल्या माणसाला रजई लागत नाही. ती रजई आज जीपमध्ये चढली की आई थंडी सरेपर्यंत गेली. आणि इतके दिवस गेलेलं माणूस परत येतं ते पाहुणं म्हणूनच, हे घरातल्या पाचही जणांना न बोलता कळलं होतं.

रजई अंगणातल्या दोरीवर होती. मिस्त्री, म्हणजे या घराचे कर्ते आणि गावाचे सुतार, रंधा बाजूला ठेवून तासातासानं उठत आणि तिची बाजू पालटत.

"बाबा, ऊन दोन्हीकडून सारखंच लागतं," थोरला म्हणाला. तो नुकताच मळ्यातून आला होता, वांग्याची टोपली अजून खांद्यावर होती. "किती वेळा पालथी घालाल?"

"मधला कापूस दमट राहतो."

"माझं ऐका," धाकटा पायरीवर बसून बूट काढत होता. वीटभट्टीची लाल धूळ त्याच्या भुवयांवर बसली होती. "विहिरीत टाकू. ओली रजई कोण नेणार?"

"आणि आईला काय सांगायचं?"

"सांगू, तहान लागली होती तिला."

मिस्त्री हसले नाहीत. एरवी धाकट्याच्या असल्या बोलण्यावर पहिलं हसू त्यांचंच असायचं.

"मी सरळ विचारणार आहे," थोरला म्हणाला. "आल्या आल्या. आई, आमचं काय चुकलं ते सांग आणि मग खुशाल रजई ने."

"काही विचारायचं नाही." स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको म्हणाली. तिच्या हातात अर्धा चिरलेला भोपळा होता. "जेवायला येतायत. सुखानं जेवू द्या त्यांना."

"तीन महिने न विचारताच गेले."

"मग आणखी एक संध्याकाळ जाऊ दे."

"वहिनी म्हणते तेच बरोबर," धाकट्यानं बुटातली धूळ झटकली.

"मला दादांचं पटतं," त्याची बायको आतून म्हणाली. "विचारल्याशिवाय कळणार कसं?" आणि एवढं बोलून ती पिठाच्या परातीवर वाकली, कारण विचारलं तर काय कळेल याची तिला धास्ती होती.

धास्ती सगळ्यांनाच होती, विचारू म्हणणाऱ्यांना आणि नको म्हणणाऱ्यांनाही. प्रत्येकानं आपल्यापुरतं एक कारण शोधून काढलं होतं आणि ते कारण आपण स्वतःच आहोत अशी प्रत्येकाची खात्री होती.

*

थोरल्या सुनेनं भोपळ्याच्या फोडी केल्या, घेवडा मोडला, कांदा बारीक चिरला. चुलीत लाकूड नीट सरकवलं. हे सगळं करताना तिची नजर दर थोड्या वेळानं कोनाड्याकडं जात होती. तिथं मिठाची बरणी होती. पांढरी, पोटावर निळी रेघ असलेली, आणि वर मिस्त्रींनी कातून दिलेलं लाकडी झाकण.

या घरात शिजवणारे हात कितीही असोत, मीठ एका हातचं. हा नियम तिच्या आजेसासूचा. त्या काळी या चुलीशी चार बायका असत आणि चौघीही समजूतदार असत. पहिली गेली की दुसरीला वाटे तिनं मीठ घातलं नसेल, आणि तिसरीला वाटे दुसरी विसरली असेल. कापणीच्या दिवशी पंधरा माणसांचा रस्सा असा चौघींच्या समजूतदारपणानं उकिरड्यावर गेला. त्याच दिवशी आजेसासूनं बरणी हाताशी घेतली. तिचे हात थरथरायला लागले तेव्हा बरणी आईंकडं आली. आई कधी चाखून बघत नसत. रस्स्याला उकळी फुटली की पातेल्याजवळ उभ्या राहत, कान देऊन ऐकल्यासारख्या, आणि तीन बोटांनी खडे सोडत. भातात, भाजीत, पिठात, सगळ्यात त्याच. दुसऱ्या कुणी त्या झाकणाला हातसुद्धा लावला नव्हता.

अकरा वर्षांत थोरली एकदाच चुकली. आई जायच्या दोन दिवस आधी तिनं पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटला आणि म्हणाली, "आज किंचित कमी वाटतंय का?" आईंनी चिमूटभर आणखी टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी घेऊन निघाल्या.

त्यानंतर मीठ तिनंच घालायचं होतं. पहिला आठवडा खारट झालं, दुसरा अळणी. मग हाताला अंदाज आला. पण कुणी खारट म्हणालं नाही, अळणी म्हणालं नाही, जमलं तेव्हा जमलंही म्हणालं नाही. सगळे खाली मान घालून जेवत आणि उठत. एवढ्या मुकाट्यानं या घरात आधी कधी कुणी जेवलं नव्हतं.

तिनं आधण ठेवलं आणि नकळत गुणगुणली. आई भात वैरायच्या आधी म्हणायच्या त्याच दोन ओळी. कुणाच्या होत्या कुणास ठाऊक, बहुधा त्यांच्याच.

*झाकण थरथरे, आधण बोलते,*
*दारातल्या वाटेकडे मन माझे चालते.*

"ताई, तुमच्या आवाजात ते वेगळंच लागतं," धाकटी कणीक मळता मळता म्हणाली.

"वाईट?"

"नाही. पण आपण वाट बघतोय असं वाटतं. त्यांच्या आवाजात, कुणीतरी पोचलंच असं वाटायचं."

थोरलीनं झाकण उचललं. रस्स्याला पहिली उकळी फुटत होती. कडेनं बुडबुडे येत होते, मधला भोपळा हलकेच डुलत होता. नेमकी त्याच वेळी बाहेर जीप थांबली. तिनं हात पुसले आणि ती बाहेर गेली. तिच्यामागून पिठाच्या हातानं धाकटीही.

*

"आलीस?" मिस्त्री म्हणाले.

"आले."

"रस्ता कसा आहे?"

"होता तसाच."

चाळीस वर्षांच्या संसारात दोघांना एवढ्यावर भागवायची सवय होती. पण आज दोघांनाही ते अपुरं पडलं. भाच्यानं जीपमधून मान बाहेर काढून सांगितलं की गिरणीवर पोती टाकून येतो, दिवे लागले की आत्याला उचलतो. थोरल्यानं आईची पिशवी घेतली आणि तोंड उघडलं. बायकोनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं तोंड मिटलं.

आई ओसरीवरच्या बाकावर बसली. बाक तिचाच होता, इथं बसून तिनं आयुष्यभर शेंगा सोलल्या होत्या. पण सोलायला काही नसताना त्यावर बसायचं कसं ते तिला आठवेना. तिनं हात मांडीवर ठेवले. मग बाजूला ठेवले. मग पुन्हा मांडीवर घेतले.

धाकटी चहा घेऊन आली. सोनेरी कडेचा कप होता. फडताळात वरच्या फळीवर असायचा तो, पाहुण्यांचा.

आईनं कप घेतला. बराच वेळ ती नुसती कडेकडं बघत राहिली. धाकटीला वाटलं, कडेला काही लागलंय का.

"माझा कानतुटका कुठं गेला?" आईनं विचारलं.

"आहे ना. पण तुम्हाला कसा द्यायचा तो?"

"खरंच," आई म्हणाली, "मला कसा द्यायचा."

भावाच्या घरी तिला काही कमी नव्हतं. ताट वाढून पुढ्यात येई, आणि दुसऱ्यांदा वाढायला भावजय वाटच बघत असे. पण तिथं कुणाला कधी भूक लागते ते तिला कळत नसे. संध्याकाळ झाली की तिचा जीव उगीच खालीवर होई. आता मिस्त्रींनी रंधा ठेवला असेल. आता थोरला हातपाय धूत असेल. धाकटा येईल आणि दारातून ओरडेल, आई, भुकेनं मेलो. तिथं दारातून कुणी ओरडत नव्हतं. सगळे गुणी होते. रजई मागितली खरी तिनं, पण निरोप देताना तिला वाटत होतं, कुणीतरी म्हणेल, रजई देत नाही जा.

आणि इथं तर रजई झटकून, उन्हात तापवून, तयार होती.

स्वयंपाकघराचं दार तिथून दहा पावलांवर होतं. चुलीवरून भोपळ्याचा वास येत होता, घेवडा शिजत आल्याचा वास येत होता. ती उठली नाही.

*

मिस्त्रींना कारण माहीत होतं. बाकीचे चौघं चुकत होते.

आई जायच्या आदल्या संध्याकाळी धाकटा न सांगता भट्टीवरचे चार सोबती जेवायला घेऊन आला होता. पोरं भुकेली होती, रस्सा झकास होता, वाढण मागून मागून सगळ्यांनी खाल्लं. जेवण झाल्यावर मिस्त्री तांब्या ठेवायला आत गेले. ती पाठमोरी उभी होती, चुलीपाशी. भाताचं पातेलं तिरकं धरून तळाची करपलेली खरवड उलथन्यानं काढत होती आणि उभ्या उभ्याच तोंडात टाकत होती. मिस्त्रींना खरवड फार आवडायची. त्यांनी हसत म्हटलं, "खरवड एकटीच खातेस होय?"

तिनं मागं वळून पाहिलं. मग पातेलं पाण्यात बुडवलं.

तेव्हा त्यांना काहीच वाटलं नाही. ती गेल्यावर महिन्याभरानं वाटलं, तेही अचानक. जेवायच्या मेजाला तेल द्यायचं म्हणून ते एकदा दुपारी बसले होते. थोरल्याच्या लग्नात त्यांनीच केलेलं मेज ते. बुटकं, सहा माणसांचं, भोवती चटया टाकून बसायचं. फडक्यानं कड पुसत ते सरकत गेले. जिथं जिथं कुणी बसतं तिथं मनगटं घासून घासून लाकूड काळसर आणि गुळगुळीत झालं होतं. त्यांची जागा, थोरल्याची, थोरलीची, धाकट्याची. तीन वर्षांतली धाकटीचीसुद्धा. सहाव्या जागेशी फडकं अडकलं. तिथली कड खरबरीत होती. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी पटाशी फिरवली होती तशीच्या तशी, कोरी.

ते तिथंच बसून राहिले. मग त्यांना पातेलं आठवलं. चार पाहुणे आणि घरचे पाच. त्या दिवशी भात किती टाकला होता, आणि नऊ जणांनी किती खाल्ला, हे त्यांनी बोटांवर मोजलं. तळाशी काय उरलं असेल ते त्यांना कळलं. सुताराला माप कळायला इतका उशीर लागायला नको होता.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगायला एकच माणूस होतं आणि ते माहेरी होतं.

*

ताटं मांडली तेव्हा आई सवयीनं दाराशी उभी राहिली. थोरलीनं तिला हाताला धरून आणलं. सहाव्या जागेवर चटई घातलेली होती.

"तुम्ही बसा. आज मी वाढते."

"सगळ्यांचं झालं की बसते मी."

"आई, बस ना," थोरला म्हणाला. "पाहुण्यासारखी आलीयस, निदान पाहुण्यासारखी जेव तरी."

त्याला ते थट्टेनं म्हणायचं होतं. पण बोलून झाल्यावर मेजाभोवती कुणालाच मान वर करवेना. आई बसली. तिचं मनगट कडेला टेकलं आणि तिनं ते उचललं, पुन्हा टेकवलं. मिस्त्री बघत होते.

पहिलं ताट तिचं. भात, भोपळा-घेवड्याचा रस्सा, निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, वाफाळती रोटी. कधी नव्हे ते इतकं गरम अन्न तिच्यासमोर होतं. थोरली वाढून झाल्यावर बसली, तिच्या शेजारी धाकटी.

आईनं पहिला घास घेतला.

तिनं तो चावला. गिळला. रस्स्यात बोट बुडवून पुन्हा जिभेला लावलं. वांग्याचा तुकडा तोडून खाल्ला. रोटीचा कोरडा तुकडा नुसता खाऊन पाहिला. मग तिनं सगळ्यांकडं पाहिलं.

सगळे जेवत होते.

"रस्सा दाट झालाय," थोरला म्हणाला.

"भोपळा गोड निघाला हो यंदा," धाकटा म्हणाला. "फारच गोड."

"वांगंसुद्धा... मऊ आहे," मिस्त्री म्हणाले.

थोरलीनं स्वतःच्या ताटातला घास तोंडात टाकला आणि तिचा हात तसाच राहिला. 

"मीठ," ती म्हणाली.

थोरल्यानं रोटी रस्स्यात आणखी बुडवली.

"मी मीठ घातलंच नाही." तिनं धाकटीकडं पाहिलं. "पिठात?"

"पिठात तुम्हीच घालता."

"मला आठवण नाही करून द्यायची?"

"मला कसं आठवेल?" धाकटी अगदी खालच्या आवाजात म्हणाली. "आई येणार होत्या ना."

मग थोरलीलाही कळलं. तीन महिने तिचा हात रोज न चुकता कोनाड्याकडं गेला होता. आज आई येणार म्हणून पीठ तसंच राहिलं, उकळी फुटताना बाहेर जीप थांबली, आणि हातानं आपलं आपणच ठरवून टाकलं की आता हे आपलं काम नाही. तिला ते समजलंही नाही. तिचे डोळे भरून आले. "तुम्ही इतक्या दिवसांनी जेवायला आलात आणि मी हे वाढलं."

आईनं तोंडावर हात धरला होता. खांदे हलत होते. थोरलीला वाटलं रडतायत. मग बोटांच्या फटीतून आवाज आला आणि कळलं की हसतायत.

"फारच गोड म्हणे," आई धाकट्याला म्हणाली. "लाज नाही वाटली?"

"काय सांगणार? मला वाटलं, भट्टीच्या धुळीनं माझी जीभ गेली."

आईनं उठायला मेजावर हात टेकला. चाळीस वर्षं लागेल ते आणायला तीच जात आली होती.

"तू बस," मिस्त्री म्हणाले. ते गुडघ्यावर भार देत उठले. "मी आणतो."

"तुम्हाला कुठं सापडणार?"

"घर माझंच आहे."

ते आत गेले. थोड्या वेळानं एक झाकण पडल्याचा आवाज आला. मग दुसरं.

"बाबा, डावीकडं कोनाड्यात," थोरली म्हणाली.

"डावीकडं कुणाच्या?"

"चुलीच्या."

"चुलीला कुठं डावं-उजवं असतं?" आतून आवाज आला आणि तिसरं झाकण पडलं.

बाहेर सगळ्यांना हसू आवरेना, आणि त्या हसण्याच्या शेवटी थोरलीला रडू फुटलं. "माझ्यामुळंच गेलात तुम्ही," ती म्हणाली. "मी त्या दिवशी कमी आहे म्हणाले. मी कोण होते मीठ चाखणारी?"

"तू?" थोरला बायकोकडं बघत राहिला. "लिंबाचं झाड मी तोडलं. तिच्या दारातलं, तिला न विचारता. म्हणून गेली ती."

"नाही दादा," धाकटी म्हणाली. "मी बोलले होते. चुलीच्या धुरानं केसांना वास येतो, शेगडी घेऊ या म्हणून. आईंनी ऐकलं ते. मी तेव्हापासून झोपले नाहीये नीट."

"झोपतेस की, घोरतेससुद्धा," धाकटा म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. "मी सोबत्यांना म्हणालो होतो, आमच्या आईला सांगावं लागत नाही, तिची चूल विझतच नाही. तू दारात होतीस."

सगळे आईकडं बघू लागले. आता तिनं नाही म्हणायला हवं होतं. नाही रे, तसं काही नाही, असं ती म्हणेल म्हणून चौघं थांबले.

"तेही होतंच," आई म्हणाली. "सगळंच होतं."

एवढ्यात मिस्त्री आले. एका हातात मिठाची बरणी होती, दुसऱ्या हातात भाताचं पातेलं, आणि बगलेत उलथनं. बरणी त्यांनी आईपुढं ठेवली. मग चटईवर बसून पातेलं मांडीशी तिरकं धरलं आणि तळाची खरवड काढायला लागले. सुतारकाम करणारा हात होता. खरवड अखंड निघाली, ताटलीएवढी, तांबूस. त्यांनी तिचे दोन तुकडे केले. मोठा तिच्या ताटात ठेवला.

"त्या दिवशी मी तुला विचारलं, खरवड एकटीच खातेस होय," ते म्हणाले. त्यांचं लक्ष पातेल्याकडं होतं. "ते विचारायचं नव्हतं."

"मग काय विचारायचं होतं?"

 धाकट्याला चार सोबती आठवले, मागून मागून घेतलेलं वाढण आठवलं, आणि त्यानं हातातली रोटी खाली ठेवली.

मिस्त्रींना तो शब्द तोंडाशी आणायला वेळ लागला. तो काही अवघड नव्हता. रोज तीनदा या घरात उच्चारला जायचा. थोरला मळ्यातून आला की, धाकटा भट्टीवरून आला की, सुना आजारातून उठल्या की, दारावर कुणी आलं की. पण तो नेहमी एकाच माणसाच्या तोंडून निघायचा आणि त्या माणसाकडं कधी परत जायचा नाही.

"जेवलीस का," मिस्त्री म्हणाले.

आई खरवडीकडं बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी नाही जेवले."

 मग तिनं बरणीचं झाकण काढलं. बसल्या जागेवरून हात लांब करत तिनं एकेकाच्या रस्स्यात तीन बोटांनी खडे सोडले. थोरल्याला थोडे जास्त, तो उन्हात असतो. मिस्त्रींना थोडे कमी. थोरलीच्या ताटाशी आल्यावर ती थांबली आणि बरणीच तिच्याकडं सरकवली.

"तुझं तू घाल. आणि माझंही."

"मी?"

"तीन महिने सगळ्यांना जेवू घातलंयस. बघू दे मला."

थोरलीनं बोटं बरणीत घातली.  आईच्या रस्स्यावर खडे पडले, विरघळले. आईनं घास घेतला आणि चावत राहिली. थोरली तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"किंचित कमी," आई म्हणाली. आणि मग, "त्या दिवशीही कमीच होतं. तू खरं बोललीस."

*

भाचा उशिरा आला. गिरणीवर रांग होती म्हणाला. दिवे केव्हाच लागले होते. अंगणातूनच त्यानं हाक दिली, "आत्या, निघायचं ना? रजई कुठंय?"

दिवसभर तासातासानं उठून पाहिलेली रजई संध्याकाळी आत घ्यायची सगळेच विसरले होते. भाचा तिला कवटाळून ओसरीवर आला आणि दिव्याच्या उजेडात त्यानं तळहात बघितला. "अहो, ही तर दवानं भिजलीय. कशी नेणार?"

धाकट्यानं तोंड उघडलं.

"तू गप्प बस," थोरला म्हणाला.

आई तिच्या जागेवरच बसली होती. खरवडीचा शेवटचा तुकडा तिच्या हातात होता. तिला आता हो किंवा नाही म्हणायचं होतं, आणि मेजाभोवतीचे पाचही जण तिच्याकडं बघत होते.

"टाक तिला दोरीवर परत," ती म्हणाली. "उद्या ऊन दाखवू." मग तिनं भाच्याकडं नीट पाहिलं, त्याच्या पीठ बसलेल्या केसांकडं, सुकलेल्या तोंडाकडं. "जेवलास का तू?"

तीन महिन्यांनी ते शब्द तिच्या तोंडून त्या घरात ऐकू आले. आई उठायला गेली, पण धाकटी आधीच ताट आणायला आत पळाली होती. कानतुटका कप तिनं येता येता आईपुढं ठेवला, पाण्यानं भरून.

मिस्त्री हात धुऊन आले आणि तिच्या शेजारून जाताना थांबले. त्यांनी तिच्या पुढ्यातल्या कडेवरून अंगठा फिरवला. खरबरीत होती. इतर पाच जागांसारखी व्हायला तिथं अजून किती जेवणं लागतील याचा त्यांनी मनात अंदाज घेतला. तेवढी वर्षं दोघांकडं होती की नाही, कुणास ठाऊक. रंध्यानं ती कड त्यांनी घटकाभरात गुळगुळीत केली असती.

त्यांनी रंधा आणला नाही. चटई ओढून ते तिच्या जवळ बसले, आणि भाचा जेवत असेपर्यंत दोघं तिथंच बसून होते.